मायक्रोफायबरचे फडके कसे काम करते आणि ते कसे वापरावे, कसे धुवावे

मायक्रोफायबरचे फडके वापरणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: आणले तेव्हा आरसा कसा लख्ख पुसत होते, आणि दोन-तीन महिन्यांत पाणी टिपायचे सोडून ते नुसते पुढे ढकलू लागले. आमच्या घरीही नेमके हेच झाले होते. ओट्यावर सांडलेले पाणी टिपायला गेले, तर पाण्याचा ओघळ फडक्याच्या पुढे पुढे पळत गेला आणि कडेवरून खाली उतरला. फडके फाटलेले नव्हते, विरलेले नव्हते, त्याचा रंगही उडालेला नव्हता. दोष निघाला तो धुण्याच्या पद्धतीत. इतर टॉवेलांबरोबर ते वॉशिंग मशीनमध्ये जात होते आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारा सॉफ्टनर पडत होता. हे फडके पुसते ते आपल्या तंतूंमधल्या फटींच्या बळावर, आणि आम्ही प्रत्येक धुण्याला त्या फटी थोड्या थोड्या लिंपून टाकत होतो. म्हणून विकत घेणे, पुसणे आणि धुणे या तिन्ही गोष्टींकडे येण्यापूर्वी त्या फटींविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तंतू आणि त्यांतल्या फटी

तंतूचा बारीकपणा डेनियर या मापाने सांगतात. 9000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. कोशातून निघणारा रेशमाचा एकेरी तंतू 1 डेनियरच्या थोडा वर असतो, आणि 1 डेनियरपेक्षा बारीक असलेल्या कृत्रिम तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. पुसण्याच्या चांगल्या फडक्यातले तंतू याहूनही बरेच बारीक, 0.1 ते 0.2 डेनियरचे असतात. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून एक हिशेब करून पाहावा. 40 सेंटीमीटर लांब-रुंद आणि चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचे एक फडके 48 ग्रॅम भरते. त्यातला सगळा तंतू 0.2 डेनियरचा आहे असे धरले, तर एका ग्रॅमला 45 किलोमीटर या हिशेबाने त्या एका फडक्यात 2160 किलोमीटर तंतू होतो. मुंबईहून दिल्ली गाठून परतीची निम्मी वाट चालून झाली, एवढी ही लांबी आहे. धुळीला आणि तेलाला चिकटायला मिळणारा पृष्ठभाग याच लांबीतून येतो.

बारीकपणाइतकाच महत्त्वाचा असतो तंतूचा आकार. असे अतिसूक्ष्म तंतू तयार करण्याच्या कामात जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. 1970 च्या सुमारास त्यांच्या कामातून हरणाच्या कातड्यासारखा मऊ स्पर्श असलेले कापड निघाले, आणि पुसण्याची फडकी त्यानंतरची. या फडक्यांसाठी पॉलिएस्टर आणि नायलॉन हे दोन पदार्थ वितळवून एकाच छिद्रातून एकत्र ओढतात. त्या जोडतंतूचा आडवा छेद संत्रे मधोमध कापल्यावर दिसते तसा असतो: फोडींच्या जागी पॉलिएस्टर, आणि फोडींमधल्या पडद्यांच्या जागी नायलॉन. कापड विणून झाल्यावर उष्णता, अल्कली आणि घर्षण यांच्या साहाय्याने हा तंतू उकलतात. फोडी सुट्या होतात, पडदा चांदणीच्या आकाराचा मोकळा उरतो, आणि एका तंतूच्या जागी कोनदार कडा असलेले अनेक तंतू आणि त्यांच्यामध्ये असंख्य अरुंद फटी तयार होतात.

या रचनेतून तीन कामे होतात. पहिले काम कडांचे. गोल तंतू मळाच्या थरावरून घरंगळत जातो आणि थर पसरवून ठेवतो, तर पाचरीसारखी कड तो थर खरवडून उचलते. दुसरे काम पॉलिएस्टरचे. या पदार्थाला तेलाचे आकर्षण आहे, त्यामुळे बोटांचे ठसे किंवा फोडणीच्या वाफेने बसलेला पातळ तेलकट थर काचेपेक्षा तंतूला धरून राहणे पसंत करतो. तिसरे काम फटींचे. अरुंद जागेत पाणी आपोआप ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल वर चढते त्याच केशाकर्षणाने ओला मळ फडक्याच्या आत जातो आणि तिथेच राहतो. सुती कापडात पाणी तंतूच्या अंगात मुरते. पॉलिएस्टरच्या अंगात ते जवळजवळ मुरतच नाही, ते फटींत थांबते. म्हणून हे फडके नीट पिळले की लवकर वाळते, आणि म्हणूनच फटी बुजल्या की ते काहीच टिपू शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे फडके जंतू मारत नाही. ते मळाबरोबर जंतूही उचलून नेते, आणि घरगुती स्वच्छतेत हेही काम लहान नाही, पण उचललेले जंतू फडक्यातच जिवंत असतात. स्वच्छतागृहात वापरलेले फडके नुसते विसळून ओट्यावर फिरवणे म्हणूनच धोक्याचे आहे. प्रत्येक जागेसाठी वेगळा रंग ठरवावा आणि तो घरातल्या सर्वांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवावा. आमच्याकडे निळे काचेसाठी, हिरवे स्वयंपाकघरासाठी आणि लाल न्हाणीघरासाठी आहे.

विकत घेताना

बाजारात मायक्रोफायबर या नावाखाली न उकललेल्या तंतूंची फडकीही मिळतात. ती मऊ आणि गुबगुबीत असतात, पण पुसत नाहीत. वेष्टनावर 80 टक्के पॉलिएस्टर आणि 20 टक्के पॉलिअमाइड, किंवा 70 आणि 30, असे लिहिलेले असेल तर तंतू उकललेला असण्याची शक्यता जास्त. पॉलिअमाइड म्हणजेच नायलॉन. मात्र खरी परीक्षा तळहाताची आहे. कोरडा हात फडक्यावरून हलकेच फिरवावा. उकललेला तंतू त्वचेच्या बारीक खरखरीतपणात अडकतो आणि हाताला किंचित ओढ लागते. भांडी घासून रापलेल्या हाताला तर ही ओढ नकोशी वाटते, आणि अनेकजण ते फडके खरखरीत म्हणून परत ठेवतात. तेच घ्यावे. दुकानदार परवानगी देत असेल तर काचेच्या काउंटरवर पाण्याचे चार थेंब टाकून त्यांवरून फडके एकदाच न दाबता ओढून पाहावे. मागे पाण्याची रेघ राहिली नाही तर फडके चांगले आहे.

जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम या हिशेबात, लिहिलेली असते. काच आणि आरशासाठी 200 ते 250 जीएसएमचे, लव नसलेले गुळगुळीत विणीचे फडके पुरते. घरातल्या बाकीच्या कामांसाठी आखूड लव असलेले 300 च्या आसपासचे सोयीचे पडते. त्याहून जाड फडकी गाडी धुतल्यावर पाणी टिपण्यासाठी ठीक आहेत, परंतु ती हाताने पिळताना मनगट दुखते आणि पावसाळ्यात वाळायला वेळ घेतात. घरात जाड एक असण्यापेक्षा मध्यम चार असणे केव्हाही बरे.

पुसण्याची पद्धत

नवे फडके वापरण्यापूर्वी एकदा एकटेच धुऊन घ्यावे. गडद रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत सुटतो, आणि कारखान्यातून आलेला तेलकट लेपही त्यात निघून जातो.

त्यानंतर सवय लावायची ती घडीची. चौकोनी फडके एकदा निम्मे दुमडावे आणि पुन्हा एकदा निम्मे दुमडावे. आता हाताच्या पंजाएवढी चौपदरी घडी होते, आणि उलटून-उघडून वापरल्यास पुसायला एकूण आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की दुसरी वर काढावी. आठही संपल्या की फडके धुवायला टाकावे आणि नवे घ्यावे. फडक्याचा बोळा करून पुसल्यास मळलेला भाग कुठला आणि कोरा कुठला हे कळत नाही, आणि एका जागचा मळ दुसऱ्या जागी लागत राहतो. घडीमुळे दाबही सारखा पडतो. जोर लावण्याची गरज नसते. जोराने दाबल्यास फटी मिटतात आणि फडके पुसण्याऐवजी घसरू लागते.

पाणी किती घ्यावे, याबाबत सर्वाधिक चूक होते. सुती फडके सढळ भिजवून वापरण्याची आपल्याला सवय आहे. मायक्रोफायबरच्या फटी आधीच पाण्याने भरल्या असतील तर नवे पाणी आणि मळ ओढायला जागाच उरत नाही. फडके भिजवून इतके पिळावे की झटकल्यावर एकही थेंब उडू नये आणि हाताला केवळ गारवा जाणवावा. दमट, पण ओले नाही, अशी ती अवस्था आहे.

नुसत्या धुळीसाठी फडके कोरडेच वापरावे. कोरडे पॉलिएस्टर घासले गेल्यावर त्यावर विद्युतभार साचतो आणि धूळ त्याकडे खेचली जाते. मात्र हवेत दमटपणा असला की हा भार टिकत नाही. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कोरडे फडके फिरवल्यास धूळ निम्मी उचलली जाते आणि निम्मी हलवली जाते. अशा दिवसांत फडक्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून घ्यावा. वैशाखात सोलापूरकडच्या कोरड्या हवेत हेच कोरडे फडके पुस्तकांच्या कपाटावरून फिरवले की एका हातात काम होते.

आरसा आणि खिडकीच्या काचा यांसाठी दोन फडकी लागतात. पहिल्या दमट फडक्याने वरून खाली, शेजारशेजारच्या ओळी थोड्या एकमेकींवर येतील अशा रीतीने पुसावे. काचेवर दिसेल न दिसेल असा ओलाव्याचा पडदा उरतो, तो स्वतः वाळण्याच्या आत दुसऱ्या, पूर्ण कोरड्या, गुळगुळीत फडक्याने पुसून घ्यावा. तो वाळू दिला तर पाण्यातले क्षार काचेवर राहतात आणि उन्हाची तिरीप आली की पांढुरक्या रेघा दिसतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांनी आरशापुरते पिण्याच्या पाण्याच्या गाळणीतले वाटीभर पाणी घ्यावे. काचेसाठी वेगळे द्रव्य फवारण्याची गरज या पद्धतीत सहसा पडत नाही.

ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा, त्यामागच्या फरशा आणि फ्रिजचे दार यांवर तेल असते, म्हणून येथे कोमट पाणी घ्यावे. रोजच्या रोज पुसत असल्यास साबण लागत नाही. आठवडाभर राहिलेल्या तेलकट थरासाठी भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब लिटरभर पाण्यात पुरतात. त्यानंतर साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबणाचा अंश काढून घ्यावा, नाहीतर तोच चिकट होऊन नवी धूळ धरतो. स्टीलच्या पृष्ठभागावर घासटीच्या बारीक रेषा असतात. त्या रेषांच्या दिशेनेच पुसावे.

स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि तेल यांचा मिळून जो काळपट थर बसतो, तो कोरड्या फडक्याने काढू नये. कोमट साबणपाण्यात पिळलेले फडके पात्याच्या दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन मोटरकडून टोकाकडे एकाच दमात ओढावे. एका पात्याला घडीची एक बाजू, असे धरल्यास तीन पाती एका फडक्यात होतात. पंख्याचा स्विच बंद असल्याची खात्री शिडीवर चढण्यापूर्वी करावी.

टीव्ही आणि संगणकाचा पडदा बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या गुळगुळीत फडक्याने हलकेच पुसावा. ठसा निघत नसेल तर पाण्याचा फवारा फडक्यावर मारावा, पडद्यावर कधीही नाही, कारण पाणी चौकटीच्या खाचेतून आत उतरते. चष्म्याची काच मात्र आधी नळाच्या धारेखाली धरावी. काचेवर बसलेला वाळूचा एखादा कण फडक्यात अडकला की पुढच्या प्रत्येक फेरीला तो काचेच्या लेपावर ओरखडा काढतो. फडके मऊ असले तरी त्यातला कण मऊ नसतो. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीलाही हाच नियम लागू आहे: पाण्याने धूळ उतरवल्याशिवाय फडके लावू नये.

कोठे वापरू नये

गॅसच्या गरम शेगडीवर हे फडके ठेवू नये. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही उष्णतेने वितळतात, आणि वितळलेला भाग बर्नरच्या कडेला काळ्या गोळीसारखा घट्ट बसतो. गरम भांडे उतरवण्यासाठी चिमट्याऐवजी हे फडके धरणे तर हातालाच चटका देणारे आहे, कारण वितळलेले प्लास्टिक त्वचेला चिकटते. त्या कामाला जाड सुती फडकेच हवे.

समईचे तेल, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, लाकडाचे पॉलिश, बुटांचे पॉलिश यांसाठीही जुन्या धोतराचा किंवा बनियनचा तुकडाच वापरावा. हे पदार्थ मायक्रोफायबरच्या फटींत शिरले की बाहेर निघत नाहीत, आणि सुती तुकडा वापरून टाकून देता येतो. नळावर आणि शॉवरवर साचलेला क्षारांचा पांढरा थर हाही या फडक्याचा विषय नाही. तो धातूला चिकटलेला दगडच असतो. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवावा, धुवावे, आणि मग चमक आणण्यापुरते फडके फिरवावे. संगमरवरावर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात लावू नये, त्याने दगडच झिजतो.

धुणे आणि वाळवणे

माझ्या मते या फडक्याचे आयुष्य पुसताना ठरत नाही, ते बादलीत ठरते.

वापरानंतर फडके नळाखाली धरून आधी मोकळी धूळ काढावी. मग बादलीत कोमट पाणी आणि अर्धा चमचा द्रव डिटर्जंट घेऊन अर्धा तास बुडवून ठेवावे, हाताने चोळावे आणि फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावे. चोळण्यासाठी दगडावर आपटू नये, ताठ ब्रशही लावू नये. जुन्या पद्धतीचा धुण्याचा साबण जड पाण्यात वापरल्यास पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची साय धरते, आणि ती साय नेमकी फटींत बसते. म्हणून साबणाच्या वडीपेक्षा द्रव डिटर्जंट आणि तोही थोडाच बरा. मशीनमध्ये धुवायचे असल्यास फक्त मायक्रोफायबरची फडकी एकत्र धुवावीत. सुती टॉवेलांची लव या तंतूंच्या कडांत अशी अडकते की मग आरसा पुसताना काचेवर पांढरी कुसळे राहतात.

सॉफ्टनर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. कपडे मऊ लागण्याचे कारण असे की त्यातील स्निग्ध रेणू तंतूवर एक पातळ थर देतात. तो थर पाणी दूर सारतो आणि फटी लिंपून टाकतो. क्लोरिनचे ब्लीच नायलॉनला कमजोर करते, म्हणून तेही नको. पाणी 60 अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये, उकळवू तर मुळीच नये, आणि इस्त्री करू नये. तंतूंच्या कोनदार कडा उष्णतेने मऊ होऊन बसल्या तर त्यांना पूर्ववत करण्याचा उपाय नाही. वाळवताना फडके झटकून दोरीवर एकपदरी पसरावे. सावलीतली वाहती हवा पुरते. घडी करून नळावर लटकवलेले दमट फडके पावसाळ्यात एका रात्रीत कुबट वास धरते, आणि तो वास म्हणजे आत जंतू वाढल्याची खूण असते.

फडके निकामी झाले आहे की नुसते बुजले आहे, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. कोरडे फडके ओट्यावर पसरून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब तत्क्षणी पसरून आत गेला तर फडके ठीक आहे. मण्यासारखा वर उभा राहिला तर लेप बसला आहे. असे फडके अर्धी बादली कोमट पाण्यात कपभर पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावे. जड पाण्याचे क्षार असतील तर ते त्याने सुटतात. नंतर विसळून डिटर्जंटच्या कोमट पाण्यात दोनदा धुतल्यास सॉफ्टनरचा लेपही बराच उतरतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. सुरुवातीला सांगितलेले आमचे हिरवे फडके अशा तीन धुण्यांनंतर पुन्हा पाणी टिपू लागले. हळदीचा पिवळेपणा त्यातून गेला नाही, आणि तो घालवायची गरजही नाही, कारण रंग चढल्याने पुसण्यात फरक पडत नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. हा तंतू प्लास्टिकचा आहे, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तुकडे सुटून सांडपाण्यातून नदीत जातात. त्यामुळे एकच फडके रोज मशीनमध्ये फिरवू नये. रोज हाताने विसळावे, आणि मशीन लावायचेच तर आठ-दहा फडकी साठल्यावर, थंड पाण्यात आणि हळू चक्रावर लावावे. डझनाने मिळतात म्हणून डझनभर आणू नयेत. सुती फडक्याने होणारी कामे सुती फडक्याकडेच राहू द्यावीत.

लव झडून चट्टे पडले, किंवा तीनदा धुऊनही थेंब उभाच राहिला, म्हणजे त्या फडक्याचे घरातले काम संपले. तरीही ते लगेच कचऱ्यात टाकू नये. सायकलची साखळी, खिडकीच्या सरकत्या दाराची खाच, गच्चीतल्या कुंड्यांखालचा चिखल, अशी पुष्कळ कामे त्याला शिल्लक असतात. केवळ ते पुन्हा स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून आम्ही अशा फडक्याच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याचा एक मोठा टाका घालतो आणि ते बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवतो.